अंडी उबवणीचा इतिहास

पक्ष्याच्या फलित अंड्यातील भ्रूणाची पूर्ण वाढ होऊन पिल्लू बाहेर पडेपर्यंत त्या अंड्यास योग्य उष्णता, आर्द्रता व हवा मिळवून देण्याच्या आणि ते वेळोवेळी फिरविण्याच्या क्रियेस उबवण म्हणतात. उबवणीचा काळ पक्ष्याच्या जातीप्रमाणे बदलतो. कोंबडीच्या अंड्यास २१ दिवस, टर्की व सामान्य बदक यांच्या अंड्यांस सु. २८ दिवस, मस्कोव्ही बदकाच्या अंड्यास सु. ३५ दिवस आणि जपानी लावीच्या अंड्यास १७ ते १८ दिवस लागतात. पक्ष्याची मादी अंड्यांवर बसून ती उबविते, तेव्हा तिला नैसर्गिक उबवण म्हणतात. भट्टी, पेटी वा यंत्र यांच्या साहाय्याने केलेली उबवण कृत्रिम होय.

मादी सहजप्रेरणेने जे करते, ते माणसाने एकेक करून कसे शिकून घेतले, याचा वृत्तांत म्हणजे कृत्रिम उबवणीचा इतिहास होय. या इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. माणसाने जे काम आपल्याकडे घेतले, ते पाळीव पक्षी हळूहळू विसरत गेला. टर्की या पक्ष्याच्या बाबतीत हे विशेष ठळकपणे दिसते.

नैसर्गिक उबवण : ठरावीक संख्येने अंडी घातल्यावर कोंबडी अंडी देण्याचे थांबते, घरट्यात बसून राहते, अंगावरची पिसे फुलविते आणि जवळ जाणाऱ्यावर धावून जाते. अशा कोंबडीस मराठीत ‘खुडूक’ म्हणतात. ही अवस्था पोष ग्रंथीतून स्रवणाऱ्या प्रोलॅक्टिन या हॉर्मोनामुळे येते. हे हॉर्मोन टोचल्यास कोंबडी खुडूक होते, असे अमेरिकन शास्त्रज्ञ ऑस्कर रिडल व त्यांचे सहकारी यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले. खुडूक कोंबडीच्या छातीखालची पिसे विरळ होऊन उघड्या त्वचेचा अंड्यांशी सरळ संपर्क येतो. ती चोचीने व पायांनी अंडी दिवसातून अनेक वेळा हलविते, कडेची अंडी मध्यभागी घेते आणि दिवसातून एखादे वेळी थोडा वेळ दाणापाण्यासाठी उठते.

या प्रत्येक कृतीमागे भ्रूणाची एखादी गरज असते. अंडे फिरविले नाही, तर भ्रूण कवचाच्या आतील पडद्यास चिकटतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून ऑक्सिजन आत येतो, तर कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ बाहेर जाते. उबवणीच्या काळात अंड्याचे वजन सु. ११ ते १३ टक्क्यांनी कमी व्हावे लागते. त्याहून कमी पाणी गेल्यास अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेची पोकळी लहान राहते व पिल्लू गुदमरते. अधिक गेल्यास ते पडद्यात अडकून सुकते.

उबवणीसाठी अंगाची ऊब न वापरणारे पक्षीही निसर्गात आहेत. ऑस्ट्रेलियातील ब्रश टर्की हा पक्षी (खऱ्या टर्कीशी त्याचा निकटचा संबंध नाही) पालापाचोळ्याचा मोठा ढीग रचतो. पाला कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवर त्याची अंडी उबतात. नर आपल्या चोचीने ढिगाचे तापमान अजमावतो व त्याप्रमाणे पाला चढवितो किंवा काढतो. माणसाने शोधलेल्या जुन्या पद्धती याच तत्त्वाच्या जवळ जाणाऱ्या आहेत.

ईजिप्तमधील भट्ट्या : ईजिप्तमध्ये अंडी शेणखतात पुरून उबवितात, असा उल्लेख इ. स. पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल यांनी केला आहे. इ. स. पू. पहिल्या शतकातील ग्रीक इतिहासकार डायोडोरस यांनीही ईजिप्शियन लोकांच्या या कौशल्याची नोंद केली. पुढे या पद्धतीस भट्टीचे रूप आले. कच्च्या विटांच्या या इमारतीत मध्यभागी लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंस दुमजली खोल्या असत. खालच्या मजल्यावर चटई वा पेंढ्यावर अंडी मांडीत आणि वरच्या मजल्यावर शेण व काड यांचा मंद विस्तव ठेवीत. दोन मजल्यांमध्ये माणूस जाऊ शकेल एवढे भोक असे व छतातील झरोक्यांतून धूर बाहेर जाई. उबवणीचा पहिला काळ उलटल्यावर विस्तव कमी करून अखेर बंद करीत. कारण वाढत्या भ्रूणांची स्वतःची उष्णता तेव्हा पुरेशी होई.

या कामात तापमापक नव्हता. भट्टीवाला अंडे पापणीला लावून त्याची ऊब ओळखत असे. दिवसरात्र भट्टीतच राहून तो अंडी हाताने फिरवी. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील बेर्मे या गावचे लोक या विद्येत विशेष निष्णात मानले जात आणि ती बापाकडून मुलाकडे जात असे. अंडी देणाऱ्या शेतकऱ्यास भट्टीवाल्याने तीन अंड्यांमागे दोन पिल्ले द्यावीत, असा करार प्रचलित होता. त्याहून अधिक निघालेली पिल्ले भट्टीवाल्याची असत. मध्ययुगात ईजिप्तला गेलेल्या यूरोपीय यात्रेकरूंना कोंबडीवाचून निघणारी पिल्ले हा एक चमत्कारच वाटला. प्रत्यक्षात तो पिढ्यानपिढ्यांच्या सरावाचा परिणाम होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पक्ष्यांच्या फ्ल्यूच्या साथीनंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ईजिप्तमधील पारंपरिक उबवणी केंद्रांची पाहणी करविली, तेव्हाही ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालू असल्याचे दिसून आले. मात्र बऱ्याच ठिकाणी शेणाच्या विस्तवाची जागा रॉकेलच्या दिव्यांनी घेतली होती.

चीन व आग्नेय आशिया : चीनमध्ये मुख्यत्वे बदकांची अंडी कृत्रिम रीतीने उबविण्याची प्रथा जुनी आहे. कोळशाच्या विस्तवावर तापविलेली मातीची भांडी, त्यांत ठेवलेल्या टोपल्या व भाताची गरम केलेली टरफले यांचा तेथे उपयोग करीत. अमेरिकन कृषितज्ञ एफ्. एच्. किंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पाहिलेल्या चिनी उबवणी घरात कारागीर अंड्याचे रुंद टोक डोळ्याच्या खोबणीस लावून तापमान ठरवीत. ईजिप्त व चीन या दूरच्या देशांतील कारागिरांनी तापमान जाणण्यासाठी शरीराचा एकच नाजूक भाग निवडावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. फिलिपीन्समध्ये तापविलेल्या भाताच्या थैल्यांमध्ये बदकांची अंडी उबविण्याची रीत याच परंपरेशी जुळणारी आहे. या पद्धतीतही जुन्या अंड्यांतील भ्रूणांची उष्णता नव्या अंड्यांस देण्याची युक्ती योजलेली असते.

यूरोपातील प्रयत्न : रोमन सम्राट टायबीरिअस यांची माता लिव्हिया हिने गरोदर असताना कोंबडीचे एक अंडे छातीशी बाळगून उबविले, ते खाली ठेवण्याची वेळ आल्यास ती ते दाईच्या हाती देई, अशी कथा प्लिनी यांनी दिली आहे. त्यातून कोंबडा निघाल्याने मुलगा होणार असा शकुन मानला गेला. घरगुती उबवणीच्या जुन्या कथांपैकी ही एक होय. हौसेच्या या प्रयोगास शास्त्राचे रूप येण्यास बराच काळ जावा लागला.

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात डच संशोधक कोर्नेलिस ड्रेबेल यांनी उष्णता आपोआप नियंत्रित करणारी भट्टी तयार करून ती उबवणीसाठी वापरली. तापमान वाढले की द्रवाचे प्रसरण होऊन भट्टीस मिळणारी हवा कमी होई. यंत्राने स्वतःच स्वतःचे नियमन करण्याच्या आरंभीच्या उदाहरणांत याची गणना होते. फ्रेंच शास्त्रज्ञ रने आंत्वान फेर्शो द रेओम्यूर (१६८३–१७५७) यांनी ईजिप्तमधील भट्ट्यांची माहिती मिळवून स्वतः दीर्घकाळ प्रयोग केले आणि १७४९ मध्ये या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ईजिप्तला पिरॅमिडांपेक्षा या भट्ट्यांचा अधिक अभिमान वाटावयास हवा, असे त्यांचे मत होते. घोड्याच्या लिदीत पुरलेल्या पिपांमध्ये त्यांनी अंडी उबविली. लिदीतून निघणाऱ्या दूषित वाफांनी भ्रूण मरतात, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजेच उष्णतेइतकीच शुद्ध हवाही आवश्यक ठरली. स्वतः तयार केलेल्या तापमापकाचा वापर करून त्यांनी पापणीवरचे ज्ञान अंकांत आणले. भट्टीवाल्याचे गुपित आता कोणालाही वाचता येण्याजोगे झाले. १७७७ च्या सुमारास फ्रान्समध्येच बॉनमँ यांनी नळ्यांतून फिरणाऱ्या गरम पाण्यावर चालणारी उबवणी उभारली व तिच्यासाठी स्वयंचलित तापनियंत्रक योजला.

पेटीपासून कारखान्यापर्यंत : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उबवण यंत्र शेतकऱ्याच्या घरात आले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पेटालूमा येथे लायमन बाइस यांनी आयझॅक डायस यांच्या सहकार्याने १८७९ मध्ये उबवण पेटी तयार केली. तिच्या प्रसारामुळे पेटालूमा हे अंड्यांच्या व्यापाराचे विख्यात केंद्र बनले. इंग्लंडमध्ये चार्ल्स हिअर्सन यांनी १८८१ मध्ये ठरावीक तापमानास उकळणाऱ्या द्रवाची धातूची चपटी डबी तापनियंत्रणासाठी वापरली. तापमान वाढताच डबी फुगे व दांडीच्या साहाय्याने दिव्यावरील झाकण उचलले जाऊन जादा उष्णता बाहेर जाई. रॉकेलच्या दिव्यावर चालणाऱ्या अशा पेट्या पुढे अनेक दशके घरोघरी वापरात होत्या.

पुढचे परिवर्तन हवेच्या प्रवाहामुळे घडले. अमेरिकेतील सॅम्युएल बी. स्मिथ यांना १९१८ मध्ये मिळालेल्या एकस्वात वेगवेगळ्या दिवसांची अंडी एकाच कोठीत ठेवून पंख्याने हवा खेळविण्याची पद्धत वर्णिली आहे. जुन्या अंड्यांची जादा उष्णता हवेबरोबर नव्या अंड्यांकडे जाते, हे तिचे तत्त्व होय. या एकस्वाविषयीचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९३५ मध्ये त्याचा निकाल स्मिथ यांच्या बाजूने लागला. भ्रूणाच्या उष्णतेचा असा उपयोग ईजिप्त व चीनमधील कारागीर पूर्वीपासून करीत होते. स्मिथ यांच्या कोठीत तो हजारो अंड्यांच्या प्रमाणावर व पंख्याच्या नियंत्रणाखाली आला. १९२२ मध्ये आयरा पीटरसाइम यांनी विजेवर चालणारे उबवण यंत्र तयार केले.

पिल्लू बाहेर पडण्यापूर्वी उरलेला बलक पोटात ओढून घेते, त्यामुळे ते सु. दोन ते तीन दिवस अन्नपाण्यावाचून राहू शकते. या गुणामुळे एक दिवसाची पिल्ले दूरवर पाठविता येऊ लागली. अमेरिकेच्या डाकखात्याने १९१८ पासून ती स्वीकारण्यास सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी एक दिवसाच्या पिल्लाचे लिंग ओळखण्याची रीत शोधली. त्यामुळे अंड्यांसाठी पाळावयाच्या जातींतील नर पिल्ले जन्मतःच निरुपयोगी ठरवून मारण्याची प्रथा रूढ झाली. जर्मनीने १९२२ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे २०२२ पासून, या प्रथेवर बंदी घातली व अंड्यातच लिंग ओळखण्याच्या तंत्रास चालना मिळाली.

टर्की : टर्की (मेलेआग्रिस गॅलोपाव्हो) हा मूळचा उत्तर अमेरिका खंडातील पक्षी असून सु. दोन हजार वर्षांपूर्वीच मेक्सिको व आसपासच्या प्रदेशात तो पाळला जात होता. आजच्या अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी तो स्वतंत्रपणे माणसाळविला व आरंभी मुख्यतः पिसांसाठी पाळला. सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात स्पॅनिश लोकांनी तो यूरोपात नेला. पोर्तुगीज भाषेत त्याला ‘पेरू’ म्हणतात. मराठीतील याच नावाच्या फळाशी त्याचा संबंध नाही. भारतातील त्याचा एक प्रसिद्ध उल्लेख गोव्याशी निगडित आहे. बादशाह जहांगीर यांचे अधिकारी मुकर्रबखान यांनी १६१२ मध्ये गोव्याहून खरेदी करून आणलेल्या दुर्मिळ वस्तूंत व प्राण्यांत टर्की होता. त्याच्या मस्तकाचे व गळ्याचे बदलते रंग पाहून बादशाहास नवल वाटले व त्याने आपल्या आठवणींत त्याचे वर्णन केले. चित्रकार मन्सूर यांनी काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहे.

टर्कीची मादी अंड्यांवर निष्ठेने बसते. तरीही तिने अधिक अंडी द्यावीत म्हणून पहिली अंडी काढून कोंबडीखाली ठेवण्याची प्रथा शेतकऱ्यांत होती. या प्रथेत एक धोका दडलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या ईशान्य भागात टर्कीची पिल्ले यकृत व आतड्याच्या रोगाने मोठ्या प्रमाणावर मरू लागली. थीओबाल्ड स्मिथ यांनी १८९५ मध्ये या रोगास कारणीभूत असलेल्या आदिजीवाचे वर्णन केले. कोंबडीच्या आतड्यात राहणाऱ्या कृमीच्या अंड्यांबरोबर हा आदिजीव पसरतो, हे १९२० मध्ये उघडकीस आले. कोंबडीस त्याचा फारसा त्रास होत नाही; टर्कीस मात्र तो घातक ठरतो. म्हणजे जी पिल्लांची दाई, तीच रोगाची वाहक होती. यंत्रातून निघालेली पिल्ले कोंबड्यांपासून व त्यांच्या वावराच्या जमिनीपासून दूर वाढविता येऊ लागल्याने हा धोका पुष्कळ कमी झाला. टर्कीपालनाच्या वाढीत यांत्रिक उबवणीचा वाटा मोठा आहे, तो या कारणाने.

मात्र त्यानंतरची वाटचाल वेगळ्या दिशेने झाली. उबवण, संगोपन व प्रजनन ही तिन्ही माणसाच्या हाती आल्यावर केवळ मांसाकडे लक्ष देऊन निवड करण्यात आली. रुंद छातीच्या जाती विकसित झाल्या आणि नर इतके जड झाले की, त्यांचा मादीशी नैसर्गिक समागम होणे दुरापास्त झाले. १९६० नंतर व्यापारी टर्कीची पैदास जवळजवळ सर्वस्वी कृत्रिम वीर्यसेचनाने होऊ लागली. जुन्या जाती झपाट्याने घटल्या. अमेरिकेतील जुन्या पशुजातींचे जतन करणाऱ्या संस्थेने १९९७ मध्ये गणना केली, तेव्हा त्या देशात या जातींचे पैदाशीचे पक्षी दीड हजाराहूनही कमी उरले होते. त्यानंतर त्यांची संख्या वाढली, ती मुख्यतः घरच्या आवारात थोडे पक्षी पाळणाऱ्या व स्वतः अंडी उबविणाऱ्या लोकांच्या प्रयत्नांमुळे.

भारत व महाराष्ट्र : भारतात खेडोपाडी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवण्याची रीत पूर्वापार आहे. टोपलीत भुसा वा पेंढा पसरून दहा-बारा अंडी ठेवतात, अंधाऱ्या व निवाऱ्याच्या जागी कोंबडी बसवितात आणि पिल्ले निघाल्यावर त्यांना घारी-कावळ्यांपासून जपण्यासाठी डालग्याखाली झाकतात. कुक्कुटपालनाच्या शास्त्रीय संशोधनास इज्जतनगर येथे १९३९ मध्ये स्वतंत्र विभाग सुरू झाल्याने चालना मिळाली. १९७९ मध्ये तेथे केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली. टर्कीच्या सुधारित वाणांवरही या संस्थेने काम केले आहे. महाराष्ट्रात खडकी (पुणे), कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांतून शेतकऱ्यांना पिल्ले व अंडी पुरविण्यात येतात. खाजगी क्षेत्रात बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या व पुढे पुण्याहून विस्तारलेल्या वेंकटेश्वर हॅचरीज या उद्योगाने देशातील कुक्कुट व्यवसायाचे स्वरूप पालटले.

परसातील पालनासाठी ‘गिरिराजा’, ‘वनराजा’ यांसारखे वाण तयार करण्यात आले. गावठी कोंबडीपेक्षा ते अधिक अंडी देतात व लवकर वाढतात; परंतु त्यांच्या माद्या क्वचितच खुडूक होतात. खुडूकपणा व अंड्यांची संख्या यांचे प्रमाण व्यस्त असल्याने हे अपरिहार्य आहे. परिणामी असे पक्षी पाळणाऱ्या कुटुंबास नव्या पिल्लांसाठी पुन्हा केंद्राकडे जावे लागते. ज्या घरात एखादी गावठी खुडूक कोंबडी वा छोटे यंत्र असते, ते घर या बाबतीत स्वावलंबी राहते.

घरगुती उबवण : उबवणीसाठी शक्यतो सात दिवसांच्या आतील, स्वच्छ, न धुतलेली व न तडकलेली अंडी निवडून निमुळते टोक खाली ठेवून थंड जागी साठवितात. पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७·५° से. राखतात, पंखा नसलेल्या पेटीत वरच्या व खालच्या हवेच्या तापमानांत फरक पडत असल्याने अंड्यांच्या वरच्या पातळीवर ते सु. १° से. अधिक ठेवावे लागते. सापेक्ष आर्द्रता आरंभी सु. ५५ ते ६० टक्के व अखेरच्या तीन दिवसांत सु. ७० टक्के असावी. त्यासाठी पेटीत पाण्याचे पसरट भांडे ठेवतात. हाताने फिरवावयाची अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवितात. फिरविण्याची संख्या विषम ठेवल्यास अंडे लागोपाठच्या रात्री एकाच कुशीवर राहत नाही. सातव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर धरून अंडी तपासतात. फलित अंड्यात कोळ्यासारखा दिसणारा भ्रूण व रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते, तर अफलित अंडे स्वच्छ दिसते. कोंबडीची अंडी १८ व्या व टर्कीची २५ व्या दिवसानंतर फिरवीत नाहीत. भारनियमनामुळे वीज थोडा वेळ गेल्यास भ्रूण सहसा तग धरतात. याउलट तापमान ४०° से. च्या वर गेल्यास ते लवकर दगावतात. म्हणून थंडीपेक्षा अतिउष्णतेची काळजी अधिक घ्यावी लागते.

टर्कीची पिल्ले पहिल्या आठवड्यात सु. ३५° से. तापमानात ठेवून नंतर उष्णता क्रमाने कमी करतात. त्यांना खाणे उशिरा उमगते व अन्न समोर असूनही ती उपाशी मरू शकतात. म्हणून खाद्यावर चकचकीत गोट्या ठेवणे किंवा खाणे जाणणारी कोंबडीची पिल्ले सोबत ठेवणे असे उपाय रूढ आहेत. यांपैकी दुसरा उपाय वर सांगितलेल्या रोगाच्या दृष्टीने धोक्याचा आहे. मादी पिल्लांना चोचीने दाणा दाखविते. यंत्रातील पिल्लाला ते दाखविणारे कोणी नसते. उष्णता, आर्द्रता, हवा व हालचाल यांची जागा यंत्राने घेतली, तरी अंड्याबाहेर पडलेल्या पिल्लाचे शिक्षण अद्याप पाळणाऱ्याच्याच हाती राहिले आहे.